साडेपाच तास

बिबड्यांचा घाटा मी हलवत होतो आणि बायको मला बोलत होती.

"हात थांबाडू नका. गुठळ्या व्हतीन."

"चालू शे ना हात."

"इतकी वरीस ट्रक चालाडा, पन दांडा काही चालाडता येत नही तुमले."

होळी झाली की आमच्या प्रकाशा गावात घरोघर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, होतात. ज्वारी तीन दिवस भिजवायची, कांडायची, धुवायची आणि लसूण, मिरची, तीळ, जिरं घालून मोठ्या पातेल्यात शिजवायची. त्या घट्ट पिठाला घाटा म्हणतात. तो हलवायला दंडात जोर लागतो, म्हणून ते काम माझं. मग ती बाजेवर ओलं धोतर अंथरायची आणि पाण्याचा हात लावून एकेक बिबडी थापायची. भाकरीएवढी गोल, पण कागदासारखी पातळ. त्या दिवशी तिने चार बाजा भरल्या. ऊन डोक्यावर आलं तेव्हा आम्ही उरलेला घाटा वाटीत घेतला, वर कच्चं तेल घातलं आणि सावलीत बसून खाल्ला. ती म्हणाली, "औंदा तिखट जमनं." मी म्हणालो, "जरा जास्तच जमनं." तिने माझ्या वाटीत आणखी तेल ओतलं.

आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे शेवटचं काम. चार बाजा बिबड्या दोन म्हाताऱ्यांना लागत नाहीत. त्या पोरासाठी होत्या.

पोरगा पायलट आहे. परदेशी कंपनीचं विमान चालवतो. पण त्यात माणसं नसतात, माल असतो. हे गावाला समजावून सांगता सांगता माझी दाढी पांढरी झाली. लोक विचारायचे, तुझ्या पोराच्या विमानाचं तिकीट केवढ्याला? मी सांगायचो, त्याच्या विमानात तुला जायचं असेल तर पोत्यात बसावं लागेल. माझा मेहुणा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, शहाद्याला राहतो. तो तर चारचौघांत म्हणायचा, "बहीननी जमीन हवामा उडाई दिन्ही दाजीने, आनि पोऱ्या व्हयना काय? ट्रक ड्रायव्हरच!" कारण पोराच्या शिक्षणापायी माझा ट्रक गेला, तसा माहेरच्या मळ्यातला तिचा वाटाही गेला. ती भावाला म्हणायची, "बरं मंग. बापना ट्रक खाले चाले, पोऱ्याना वर चालस. रस्ता तरी मोकळा शे."

मला त्या बोलण्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटायचं. पोरगा माणसं नेणाऱ्या कंपनीत गेला असता तर त्याच्याशी काय बोलावं, हे मला कळलं नसतं. मी दुसरीत शाळा सोडली. पण मालाचं मला कळतं. नंदुरबारची मिरची, शहाद्याची केळी, साखर, सरकी, सगळं वाहिलं. तो फोनवर आला की मी पहिलं विचारायचो, "लोड काय शे?" आणि तो सांगायचा. एकदा सांगितलं, मोबाइल. एकदा एक दिवसाची कोंबडीची पिल्लं, हजारोंनी, सगळा रस्ताभर चिवचिव. एकदा शर्यतीचे घोडे. त्या दिवशी तिने माझ्या हातातून फोन ओढला. घोड्यांना वर गेल्यावर चक्कर येत नाही का? कान दुखत नाहीत का? त्यांच्याजवळ कोणी बसतं का? पोराने सांगितलं, घोड्यांची माणसं बरोबर असतात, आणि घोडा घाबरू नये म्हणून आम्ही विमान वळवतो ते हळू वळवतो. हे तिला फार आवडलं. पुढे महिनाभर ती भेटेल त्या बाईला सांगत होती, माझा पोरगा घोड्यासाठी हळू वळतो.

मी त्याला विचारायचो, "माल बांधा कोनी? तू पाहा का?"

"आबा, त्याले वेगळा मानूस ऱ्हास."

"बांधू दे त्याले. तू एक चक्कर मारी ये."

आधी हसायचा. नंतर एकदा आपणहून म्हणाला, मी आता दर वेळी उड्डाणाआधी मागे जाऊन पट्टे बघून येतो. एकदा एक ढिला सापडला. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मी माल विचारायचो, तसं ती एकच विचारायची, "जेवना का रे भाऊ?" मालाच्या विमानात वाढायला कोणी नसतं. दोघं पायलट, मागे पेट्या. जेवणाचे डबे ठेवलेले असतात. छोट्या भट्टीत आपलं आपण गरम करायचं आणि खायचं. हे कळलं तेव्हा ती दोन दिवस काय टिकेल, काय नेता येईल, तेच मोजत होती. मग बिबड्यांचं तिच्या डोक्यात आलं. वजन नाही, नासत नाहीत, भाजल्या की झालं. पोराने एकदा ती भट्टी लावून विमानात बिबडी भाजली. लसणाचा वास सगळीकडे पसरला. शेजारी बसलेला कॅप्टन थंड मुलखातला, सहा फुटांच्या वरचा गडी. त्याने विचारलं, काय जळतंय? पोराने अर्धी मोडून दिली. त्याने ती खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि दुसरी मागितली. तेव्हापासून दर वर्षी एक डबा त्याच्या नावाचा. ती म्हणायची, त्याची माय लांब आहे, त्याला कोण देणार.

पोराचं राहणं शारजाला. सहा आठवडे काम, तीन आठवडे घर. खोलीच्या खिडक्यांना चांदीचा कागद लावलेला, कारण दिवसा झोपायचं असतं. घरी आला की पहिले दोन दिवस नुसता झोपायचा आणि ती शेजारणीच्या कोंबड्या हाकलत फिरायची. दर सहा महिन्यांनी त्याची दोन दिवस परीक्षा असते. खोट्या विमानात बसवतात आणि मुद्दाम इंजिनाला आग लावून दाखवतात, चाक उघडत नाही असं करतात, आणि बघतात हा काय करतो. त्या दोन्ही दिवशी ती उपास धरायची. म्हणायची, "कसा मानसं शेत, पोऱ्यासले मुद्दाम घाबराडतस." मी म्हणायचो, अगं, खोटी आग असते. ती म्हणायची, घाबरणं तर खरं ना.

आता घड्याळाचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच आहे.

महिना संपत आला की पोराला पुढच्या महिन्याचा कागद येतो. कोणत्या दिवशी कुठून कुठे, किती वाजता. तो फोटो काढून आम्हाला पाठवायचा. पण त्या कागदावरची वेळ विलायतेची. विमान जगात कुठेही असो, कागदावर वेळ विलायतेचीच, म्हणजे कोणाचा घोटाळा नको. आपली वेळ काढायची तर त्यात साडेपाच तास मिळवायचे. हे काम तिचं. ती सातवी शिकलेली. चष्मा लावून, बोटं मोजत, ती भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने सगळा महिना उतरवायची. मी फक्त तिने लिहिलेलं बघायचो. त्याला फोन करायचा की नाही, हे त्यावरून ठरायचं.

घरात तिचा एक नियम होता. पोरगा ड्युटीवर जाणार असेल तर त्याला वाईट बातमी द्यायची नाही. म्हैस मेली, सांगितलं नाही. तिला स्वतःला दवाखान्यात दोन दिवस ठेवलं होतं, तेही तो उतरल्यावर सांगितलं. मेहुण्याने एकदा परस्पर फोन करून म्हशीचं सांगून टाकलं, तर तिने त्याला असं झापलं की तेव्हापासून गावात कोणी आमच्या पोराला आमच्याआधी काही कळवत नाही.

हा नियम माझ्या एका जुन्या जखमेतून आलेला. मी शेठच्या ट्रकवर होतो, स्वतःचा घेतला नव्हता, तेव्हा मिरची घेऊन कानपूरला गेलो होतो. वाटेत इंदूरच्या ऑफिसात शेठचा निरोप आला होता की माझा बाप गेला. शेठनेच त्यांना सांगितलं, त्याला बोलू नका, माल उतरवून येऊ द्या. मी तिकडून गाणी म्हणत परत आलो. घरी पोचलो तेव्हा आठवा दिवस होता. मी शेठच्या दुकानात जाऊन नाही नाही ते बोललो आणि त्याचा ट्रक सोडला. शेठ एवढंच म्हणाला, "अशी बातमी घेऊन घाट कसा उतरला असतास?" मला ते आजही पटलेलं नाही. पण ती म्हणायची, "बरं करं त्याने. तुम्ही जित्ता घर ऊनात." यावरून आमचं किती वेळा भांडण झालं. मी म्हणायचो, माणसाला त्याची बातमी मिळाली पाहिजे, मग त्याने गाडी चालवायची की नाही ते तो ठरवेल. ती म्हणायची, तो ठरवण्याच्या जागी नसतो तेव्हा. पोराच्या बाबतीत मी तिचं ऐकलं. त्याच्या हातात विमान होतं.

त्या दिवशी घाटा खाऊन झाल्यावर ती म्हणाली, जरा पडते. पोराचा नवा कागद आदल्या दिवशीच आला होता. मधेच बदल झाले होते, म्हणून दुसरा पाठवलेला. बिबड्यांच्या गडबडीत तो उतरवायचा राहिला होता. ती म्हणाली, उठल्यावर उतरवते. मी बाजांवरचे कावळे हाकलत बसलो. तीन वाजता चहाला हाक मारली. ती उठली नाही. हलवलं. मग शेजारीण आली, डॉक्टर आला. डॉक्टरने मनगट धरलं, डोळ्यांत बॅटरी टाकली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मेहुणा मोटारसायकलवर अर्ध्या तासात पोचला. बहिणीजवळ बसून रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "दाजी, भाच्याले फोन लावा."

मी तिचा फोन घेतला. कागद उघडला. आकडे मला वाचता येतात, सगळी उमर मैलाचे दगड वाचले आहेत. त्या तारखेसमोर होतं पंधरा तीस. म्हणजे साडेतीन. भिंतीवरचं घड्याळ बघितलं, पावणेचार. मी म्हणालो, "तो उडना. आते रातलोंग फोन लागाव नही."

"पक्कं?"

"पंधरा तीस लिखेल शे."

"मंग कसं करूत? थांबूत?"

मी हिशोब केला. रात्री कुठेतरी आफ्रिकेत उतरेल. तिथून निघून इथे यायला दोन दिवस. तिला तोवर ठेवून काय करायचं? मेहुणा म्हणाला, शहाद्याहून बर्फाची पेटी आणता येईल, एक रात्र निघेल. मी म्हणालो, एका रात्रीने काय होणार आहे. दिवस असेपर्यंत करून घेऊ. "ग्रुपवर टाकू का?" असं त्याने विचारलं. मी म्हणालो, नको. उतरल्यावर आधी मी सांगेन.

एकदा फोन लावून बघायला काय हरकत होती? बंद लागला असता तर लागला असता. पण मी लावला नाही. कागदावर लिहिलेलं माझ्यासाठी पक्कं होतं. तिने लिहिलेलं आजवर कधी चुकलं नव्हतं, आणि हा कागद तिने लिहिलेला नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तापीवर नेली. ऊन पाण्यावर होतं. पोराच्या ठिकाणी मी अग्नी दिला. घरी येऊन आंघोळ केली आणि ओट्यावर बसलो. आत बाया बसल्या होत्या. सात वाजले असतील. तिचा फोन माझ्या खिशात होता, तो वाजला.

पोराचं नाव बघून मला वाटलं, विमानात काही बिघाड झाला, मधेच उतरलाय.

"आबा? तुम्ही कसा उचला? माय कोठे शे?"

"तू कोठे शेस?"

"खोलीवर. गाडी येई ऱ्हायनी. निघस आते. आज नैरोबी, फुलं आनाले."

"तू उडना नही?"

"नऊ वाजता शे ना आबा, तुमना. साडेपाच मिळवा."

तेव्हा मला कळलं. मी पावणेचारला कागद बघत होतो तेव्हा तो खिडकीला चांदीचा कागद लावून झोपला होता. फोन उशाशी होता. मी एक बटन दाबलं असतं तर त्याने रात्रीचं विमान धरलं असतं आणि मेहुण्याच्या बर्फाच्या पेटीत एक रात्र काढून तिने त्याला तोंड दाखवलं असतं. ती एक रात्र, जी मी कशाला म्हणालो, तीच पाहिजे होती.

तो बोलत होता. बिबड्या झाल्या का, कॅप्टन विचारत होता, मायला फोन द्या, दोन मिनिटंच आहेत.

मी दाराकडे बघितलं. मेहुणा आतून आला होता आणि हाताने नको नको करत होता. हळू म्हणाला, "निजेल शे सांगा. उतरू द्या त्याले." त्याला बहिणीचा नियम माहीत होता. मलाही माहीत होता. शेठ मला आठवला. घाटही आठवला. पोराने एकदा सांगितलेलंही आठवलं. त्यांच्याकडे पायलटला वाटलं की आज आपलं डोकं ठिकाणावर नाही, तर तो ऑफिसला एक शब्द कळवतो, मी आज जायच्या लायक नाही. कोणी कारण खोदून विचारत नाही. दुसरा गडी तयारच ठेवलेला असतो, तो जातो. मला असा दुसरा गडी कधी नव्हता.

मी म्हणालो, "खाले बठ."

"काय व्हयनं?"

"बठना का?"

"बठनू."

"तुन्ही माय गयी. दुपारले. झोपमा."

 मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुढचं बोलता आलं नसतं. "आनि आयक. आम्ही तिले अग्नी दी ऊनूत. मी कागद पाहा, साडेपाच तास धरा नहीत. माले वाटनं, तू वर शे. मन्ही चूक शे. कोनी माले सांगं नही, मीच करं. फोन बी लावा नही."

मेहुणा भिंतीला टेकून खाली बसला. त्यालाही तेव्हाच कळलं.

पोराने विचारलं, "जेवनी व्हती का?"

मी सांगितलं, घाटा खाल्ला. वाटीभर. कच्चं तेल घालून. तिखट जमलं म्हणाली.

मग तो रडला. मी फोन कानाला धरून ठेवला. मागे हॉर्न वाजत होता, त्याला न्यायला आलेल्या गाडीचा. दोनदा वाजला. मी म्हणालो, "आज गाडीवर बसू नको."

"नही बसस. सांगस त्यास्ले." नाक पुसलं त्याने. "आबा, ते मायच मिळवे ना. तुमले कसं कळी."

त्याने मला तेवढं बोलून सोडलं. मी सुटलो नाही, ते वेगळं. तो म्हणाला, उद्या दुपारी सुरतला उतरतो, तिथून टॅक्सी करतो, तुम्ही कोणी येऊ नका.

आमच्यात अग्नी देणाऱ्याने दहा दिवस घर सोडायचं नसतं. वेस ओलांडायची नसते. कोणाच्या दारात जायचं नसतं. पहाटे मी धोतर नेसून, खांद्यावर उपरणं टाकून निघालो तेव्हा मेहुणा ओट्यावर आडवा आला. रात्री घरी गेलाच नव्हता.

"दाजी, तुम्ही अग्नी दियेल शे. तुमले जाता येस नही. मी जास."

"तू राख सांभाळ. तो येईपर्यंत कोनी हात लावाना नही."

"लोके काय म्हनतीन?"

"म्हनू दे."

 तो आत गेला, स्वतःच्या चपला आणून माझ्यापुढे ठेवल्या, कारण माझ्या मी तापीच्या घाटावर विसरून आलो होतो. त्या मला एक नंबर मोठ्या होत्या. फाट्यापर्यंत त्याने मोटारसायकलवर सोडलं. 

सुरतची एसटी आली. आत दूध-भाजीवाले होते, परीक्षेला निघालेल्या पोरी होत्या. एका पोरीने उठून मला खिडकीजवळ जागा दिली. कंडक्टर आला. माझ्या भादरलेल्या डोक्याकडे, उपरण्याकडे बघितलं आणि त्याला काय ते समजलं.

"बाबा, कोठे?"

"सुरत," मी म्हणालो. "पोऱ्याले लेवाले जास."